चेहरा बघून दिलेलं तिकीट

समोर उभा असलेला माणूस भारतीय आहे की परदेशी, हे त्याने पाकीट काढायच्या आत ठरवायचं. माझी नोकरी एवढीच होती. सव्वीस वर्षं मी पुण्यातल्या एका जुन्या वास्तूच्या तिकीटखिडकीत बसून हेच केलं. वास्तूचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय त्यात वास्तूचा काही दोष नाही.

खिडकीच्या वर पाटी होती. भारतीयांना एक दर आणि परदेशी नागरिकांना त्याच्या कितीतरी पट. बहुतेक परदेशी लोक पाटी दोनदा वाचत. आपल्याच वाचण्यात एखादं शून्य जास्त आलं की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. मग कुणी हसे, कुणी पाटीचा फोटो काढी, आणि थोडे भांडत. एक जर्मन गृहस्थ मला बराच वेळ समजावत होते, की आमच्या देशात सगळ्यांना एकच तिकीट असतं. तुमच्या देशात यायचा नुसता अर्ज करायचा म्हटलं तर माझा किती पगार जाईल ते विचारा की, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण इंग्रजीत इतकं पटकन जुळत नाही, म्हणून पाटीकडे बोट दाखवून मोकळी झाले.

दर वेगळा का, हे मला पटलेलं होतं आणि आजही पटतं. अशा वास्तूंची डागडुजी इथल्या लोकांच्या पैशातून होते. मंडईत भाजी विकणारी बाई सुट्टीच्या दिवशी चार पोरं घेऊन आली, तर तिला आत जाणं परवडलं पाहिजे. विमानाने आलेल्या माणसाने जरा जास्त दिलं तर त्याचं जेवण चुकत नाही. माझी तक्रार दराबद्दल नाहीच. तो कुणाला लावायचा हे आम्ही ज्या रीतीने ठरवत होतो, त्याबद्दल आहे.

नियमाने बघायला हवा पासपोर्ट. पण रविवारी रांग रस्त्यापर्यंत जायची. प्रत्येकाचा कागद बघत बसलो असतो तर संध्याकाळपर्यंत निम्मी माणसं उन्हातच राहिली असती. शिवाय नेपाळ, श्रीलंका असल्या शेजारच्या देशांना आपलाच दर, त्यामुळे गोंधळात भर. तेव्हा आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. ती मला शिकवली आपट्यांनी. ते माझ्या शेजारच्या खिडकीत बसत. जन्म शनिवार पेठेतला, उभा जन्म तिथेच गेलेला, आणि जिभेला धार अशी की गिऱ्हाईक पैसे देऊन वर माफीही मागे.

"रामटेकेबाई," पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "कागद मागायचा नाही. मराठीत फक्त विचारायचं, किती जण? जो फटकन उत्तर देतो तो आपला. हिंदीत देऊ दे, कानडीत देऊ दे. जो 'सॉरी?' म्हणतो, त्याला डाव्या हाताचं पुस्तक."

उजव्या हाताशी भारतीयांच्या तिकिटांचं पुस्तक असे, डाव्या हाताशी परदेशी लोकांचं. काही महिन्यांतच प्रश्न विचारायचीही गरज उरली नाही. माणूस दिसला की हात आपोआप त्या बाजूला जाई. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. आमची बाई कधी चुकत नाही, असं आपटे चारचौघांत सांगत.

गमतीही होत. एक गोरे गृहस्थ बऱ्याच वर्षांपासून पुण्यात राहत होते. खिडकीशी येऊन म्हणाले, "दोन द्या हो ताई, आपल्या दराची." उच्चार असे की मी पुस्तक उचललंसुद्धा. आपट्यांनी पलीकडून मान वाकवून त्यांच्याकडे पाहिलं. "मराठी छान आहे आपलं," ते म्हणाले. "पासपोर्टही मराठी आहे का?" गृहस्थांनी निमूट जास्तीचे पैसे काढले. रांगेतले लोक हसले, मीही हसले.

पण त्याच रांगेत दर डिसेंबरात परदेशातून माहेरपणाला आलेली कितीतरी माणसं असत. काहींनी तिकडचं नागरिकत्व घेऊन पंचवीस-तीस वर्षं झालेली. पायातल्या बुटांवरून आणि हातातल्या पाण्याच्या बाटलीवरून ती मला बरोबर ओळखू येत. त्यांना मी कधी पासपोर्ट विचारला नाही. आपट्यांनीही नाही. "आमच्या लहानपणी इथे तिकीटच नव्हतं," असं म्हणत ती भारतीय दरात आत जात आणि आम्ही कौतुकाने बघत राहत असू. त्यांच्यातल्या कुणाकडे परदेशी झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते, आपला दर लागू करणारं कार्ड असेल, कुणाकडे नसेलही. आम्ही विचारलं नाही.

याच्या उलटही व्हायचं. पुण्यात शिकायला मणिपूर, नागालँडकडची मुलं पुष्कळ. एकदा तिकडची एक मुलगी खिडकीशी आली. मी तोंड उघडायच्या आत तिने आधारकार्ड काचेला टेकवलं. मी म्हटलं, "अगं, नको दाखवूस, दिसतंय मला." ती हसून हिंदीत म्हणाली, "आंटी, तुम्ही नाही विचारलं तर गेटवरचे विचारतात." आणि कार्ड पाकिटात न ठेवता तसंच हातात धरून गेटकडे गेली.

त्या दिवशी मला थोडं लागायला हवं होतं. कारण हा अनुभव मला नवा नव्हता. मी मूळची विदर्भातली. आमचं घर बौद्ध. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात मान वर करून बोलायची शिकवण. नोकरी लागून पुण्यात आले तेव्हा खोली शोधत जुन्या पेठांतून हिंडले. दार उघडणारी माणसं फार सभ्य. "आपलं आडनाव?" असंच विचारायची, कधी 'तुमचं' नाही. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. एका बाईंनी तर आतल्या रिकाम्या खोलीचा दिवा माझ्यासमोर बंद केला. तेव्हा मी ठरवलं होतं, की आपण कुणाला असं दाराशी उभं करून तपासायचं नाही. आणि मग सरकारने मला नेमकी खिडकी दिली.

आणखी एक ठरवलं होतं. हिशोबात, हजेरीत, कशातच कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही. राखीव जागेवर लागलेल्या माणसाची चूक कार्यालयात एकट्याची राहत नाही, ती सगळ्यांच्या नावावर जाते. त्यामुळे सव्वीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात एक वाकडा शेरा नव्हता. त्या पुस्तकाला मी फार जपलं. किती जपलं, तेच आता सांगते.

निवृत्तीला सात महिने राहिले होते. आपटे कधीच निवृत्त झाले होते. ऑनलाइन तिकिटं सुरू झाली होती, पण खिडकीही चालू होती. त्या सुमारास दुसऱ्या एका ठिकाणचा प्रकार उघडकीला आला होता. तिथला कारकून परदेशी लोकांकडून पूर्ण दर घ्यायचा, त्यांना भारतीय तिकीट द्यायचा आणि मधला फरक खिशात घालायचा. तो निलंबित झाला. त्यानंतर सगळीकडे अचानक तपासण्या सुरू झाल्या. परदेशी माणूस भारतीय तिकिटावर आत सापडला, की आधी संशय खिडकीतल्या माणसावर.

आठवड्याच्या मधल्या वाराची दुपार होती, गर्दी बेताची. एक वयस्कर गोरी बाई आणि तिच्याबरोबर पस्तिशीची एक तरुणी अशा दोघी आल्या. तरुणी सावळी, रुंद कपाळाची, केस घट्ट बांधलेले. माझ्या धाकट्या नणंदेची मुलगी म्हणून सहज खपली असती. मी तिला विचारलं, "किती जण?" ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने दोन बोटं वर केली. मला ते पुरलं. पाहुण्या बाईंना शहर दाखवायला आणलंय, असं मी धरून चालले. उजव्या पुस्तकातलं एक तिकीट फाडलं, डाव्यातलं एक, आणि दोन्ही काचेखालून सरकवली.

तिने इंग्रजीत विचारलं, "यातलं माझं कुठलं?"

मी भारतीय तिकिटावर बोट ठेवलं. "धिस. युवर्स."

तिने ते तिकीट दोन्ही हातांनी उचललं. वयस्कर बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघी तिथेच जरा वेळ उभ्या राहिल्या. दर बघून चक्रावल्या असतील, असं मला वाटलं. मागे एक कुटुंब उभं होतं. मी "पुढे व्हा" म्हटलं आणि त्या गेल्या.

पाव तासाने तपासणीचे साहेब त्या दोघींना घेऊन खिडकीशी आले. आत त्यांना या दोघी परक्या भाषेत बोलताना ऐकू आल्या होत्या. साहेबांनी पासपोर्ट मागितला, तर दोघींचेही स्वीडनचे निघाले. तरुणीचं नाव मीरा, पुढचं आडनाव तिकडचं. जन्मस्थान पुणे. वयस्कर बाई तिची आई. मीरा काही महिन्यांची असताना त्यांनी तिला इथल्या अनाथाश्रमातून दत्तक नेलं होतं. मूळ भारतीयांचं ते कार्ड आहे का, असं साहेबांनी विचारलं. मीराने नकारार्थी मान हलवली. तेच काढायचंय, म्हणाली. त्याला लागणारे जन्माचे कागद शोधायलाच दोघी पुण्यात आल्या होत्या, आणि चार दिवस या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत होत्या.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "रामटेकेबाई, हे तिकीट तुम्ही दिलं?"

"हो साहेब."

"भारतीय दराचं कसं दिलं?"

खरं उत्तर सोपं होतं. चेहरा बघून दिलं. आम्ही सगळे असंच देतो. पण चेहरा बघून दिलं हे कबूल करणं म्हणजे कामात हलगर्जी, आणि त्या दिवसांत हलगर्जीच्या पुढची पायरी म्हणजे निलंबन. सात महिने राहिलेले. चौकशी लागली की निवृत्तिवेतन लटकलं. आणि कार्यालयात काय बोललं गेलं असतं ते मला शब्दाशब्दाने माहीत होतं.

मी म्हटलं, "त्यांनी इंडियन मागितलं, साहेब."

साहेब मीराकडे वळले. "तुम्ही भारतीय म्हणून तिकीट मागितलंत?"

तिने आधी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी गल्ल्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, ते तिला दिसलं असणार. आईने "नाही, नाही" अशी सुरुवात केली, पण मीराने तिचं मनगट धरलं.

"हो," ती म्हणाली. "मी मागितलं."

साहेबांनी जबाब मराठीत लिहून काढला. मीराने विचारलं, "यात काय लिहिलंय?" साहेबांचं इंग्रजी माझ्याइतकंच. ते म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा त्यांना." मी कागद हातात घेतला. त्यात लिहिलं होतं, की सदर परदेशी महिलेने आपण भारतीय असल्याचे खोटे सांगून तिकीट घेतले. मी तिला सांगितलं, "तुम्ही भारतीय तिकीट मागितलं, असं लिहिलंय." 'खोटे' हा शब्द मी गाळला. तिने मान डोलावली आणि सही केली. जिथे जन्मली तिथल्या भाषेतला तिच्या सहीचा तो पहिलाच कागद असेल. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली.

साहेब तिकीट जबाबाला टाचणीने लावू लागले, तेव्हा तिने विचारलं, "फरक मी भरते. पण हे तिकीट माझ्याकडे राहू शकेल का?"

"नाही मॅडम. पुरावा आहे तो."

साहेब कागद घेऊन आत गेले. मीरा पैसे भरायला खिडकीशी आली. डाव्या पुस्तकातलं तिकीट मला माझ्याच हाताने फाडायचं होतं. ती काचेच्या भोकाशी वाकली आणि हळू आवाजात बोलली. ती इंग्रजीत बोलली, पण माझ्या कानात ते मराठीतच राहिलंय.

"तुमची नोकरी गेली असती ना?"

मी मान डोलावली.

"मला वाटलंच. माझं काही जाणार नव्हतं." मग म्हणाली, "पण मी मागितलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. चार दिवस मी सगळीकडे सांगतेय की मी इथली आहे, आणि सगळे पुरावा मागतात. तुम्ही एकट्याच होतात, ज्यांनी काही न विचारता दिलं."

मी "सॉरी" म्हटलं. एवढा एकच शब्द मला आला. तिने तिकीट घेतलं. त्या दोघी आत गेल्या नाहीत. आईचा हात धरून ती रस्त्याकडे गेली, आणि मी पुढच्या माणसाकडे वळले, कारण रांग होती.

साहेबांना जाऊन खरं सांगायला मला संध्याकाळपर्यंत वेळ होता. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले नाही. सात महिन्यांनी माझा निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, आणि भाषणात माझ्या स्वच्छ सेवापुस्तकाचा खास उल्लेख. मी टाळ्या थांबेपर्यंत खाली मान घालून उभी राहिले. लोकांना तो विनय वाटला.

निवृत्तीनंतर आम्ही शहराच्या टोकाला, मांजरीला राहायला गेलो. नव्या इमारतीत खालच्या फाटकावर वही असते, आल्या-गेल्याने नाव लिहायचं. कुणी परकं दिसलं की पहारेकरी त्याला थांबवतो, आणि ओळखीचं वाटलं की सोडतो. मला तिथे उभं राहवत नाही. घरात सून म्हणते, "आई, तुम्ही एवढ्या का चिडता त्यांच्यावर?"

गेल्या वर्षी मी कार्यालयाला पत्र लिहिलं. त्या दिवशीचा जबाब चुकीचा आहे, त्या बाईंनी काही मागितलं नव्हतं, तिकीट मी आपण होऊन दिलं आणि साहेबांशी खोटं बोलले, जी कारवाई व्हायची ती माझ्यावर व्हावी, असं स्पष्ट लिहिलं. पाठवण्याआधी आपट्यांना दाखवायला शनिवार पेठेत गेले. आता ते ऐंशीच्या पुढचे आहेत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पत्र वाचलं आणि परत वाचलं.

"बाई, निवृत्तिवेतन सुखाने चालू आहे ते बघवत नाही का तुम्हाला?"

"नाही बघवत."

त्यांनी पत्राची नीट घडी घातली. मला वाटलं आणखी काही टोमणा येईल. पण ते म्हणाले, "ही किती जण विचारायची रीत तुम्हाला मी शिकवली. माझंही नाव घाला त्यात." मी घातलं नाही. रीत त्यांची होती, पण साहेबांसमोरचं वाक्य माझं होतं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. तीन ओळींचं. सदर प्रकरणी फरकाची रक्कम वसूल झालेली असून प्रकरण निकाली काढण्यात आले आहे, सबब आपल्या पत्रावर कार्यवाहीची आवश्यकता नाही. जबाबातला एक शब्द तरी खोडावा, अशी विनंती मी शेवटी केली होती. त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मीराचा पत्ता माझ्याकडे नाही. तिला ते कार्ड मिळालं की नाही, तिला जन्म देणाऱ्या आईचा शोध लागला की नाही, काही ठाऊक नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की पुण्यातल्या एका कार्यालयाच्या कपाटात मराठीत लिहिलेला एक कागद आहे. त्यात मीरा भारतीय नाही, आणि तसं असल्याचं खोटं बोलली आहे. खाली तिची सही आहे, आणि तो कागद तिला कुणी वाचून दाखवला याची नोंद नाही. ती नोंद मी इथे करते. वाचून मी दाखवला, आणि एक शब्द गाळून दाखवला. ती खोटं बोलली एकदाच, आणि ते माझ्यासाठी.